रूम ते कॅसिनो, मिनिटं किती?

आमच्या आजोळी गणपतीत दोन गोष्टी हमखास बसतात. आरत्या म्हणून म्हणून मामाचा आवाज, आणि रात्री पत्त्यांचा डाव. आधी सगळ्यांसोबत मेंढीकोट, मग मोठी मंडळी आडवी झाली की हळूच तीन पत्ती. बूट एक रुपया. त्यामुळे रात्रभर खेळून कुणी जेमतेम शंभर रुपये हरतं, पण सकाळी चहाला त्याची टर मात्र लाखाची उडते.

२०२५ च्या गणपतीत डावावर विषय एकच होता. त्याच ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम्स बंद केले होते. रमीची ॲप्स धडाधड थंडावली होती. “अरेरे, आता तरुण पिढीनं जायचं कुठं?” असं म्हणत माझ्या मावसभावानं पत्ते पिसले. डिसेंबरात त्याचं लग्न होतं, म्हणून या लेखापुरतं त्याचं नाव नवरदेव. “कुठं म्हणजे? मकावला!” उत्तरही त्यानंच देऊन टाकलं. “लग्नाआधी भावंडांची एक फायनल ट्रिप. कॅसिनो, रोषणाई, फुल टू धमाल!”

“गोव्याला काय झालं? मांडवीत बोटी उभ्याच आहेत की,” मामेबहीण म्हणाली. यावर तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या भावोजींनी, हात जोडले. गोवा ही आमच्या ग्रुपवर गेली सात वर्षं ठरत असलेली आणि सात वर्षं रद्द होत असलेली ट्रिप आहे. तुमच्याही ग्रुपवर असेलच. हशा पिकला, हात वर झाले, मकाव पास!

माझा सख्खा दादा तेवढा तिथं नव्हता. तो आत पाणी प्यायला गेला होता. बराच वेळ पाणी पीत होता.

प्लॅनिंग अर्थातच माझ्या गळ्यात. “तू फ्रीलान्सर ना, तुला वेळच वेळ!” हे वाक्य ऐकून ज्याचं रक्त उकळत नाही तो फ्रीलान्सरच नव्हे. पण खरं सांगू? मला हे काम जाम आवडतं. एक शीट उघडली, तिला ‘मकाव मंडळी’ असं नाव दिलं आणि सगळ्यांना शेअर केली. (हे शेअर केल्याचं लक्षात ठेवा, पुढे नडणार आहे.)

सुरुवात सोपी होती. भारतीय पासपोर्टवर मकावला व्हिसा लागत नाही, तीस दिवस मोकळीक. मुंबईहून थेट विमान हाँगकाँगला जातं आणि तिथंही चौदा दिवसांपर्यंत व्हिसा नको. फक्त निघायच्या आधी ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करून त्याची प्रिंट जवळ ठेवायची. फुकट आहे, दहा मिनिटांचं काम आहे, आणि नेमकं तेच विसरून लोक चेक-इनच्या रांगेत घाम पुसत उभे राहतात. हाँगकाँगहून पुढं फेरीबोट आहे, तासाभराची. नाहीतर २०१८ साली खुला झालेला तो ५५ किलोमीटरचा समुद्रावरचा पूल, जो मध्येच पाण्याखालच्या बोगद्यात शिरतो आणि पुन्हा वर येतो. पुलाचं हाँगकाँगकडचं टोक विमानतळाला जवळजवळ चिकटून आहे. दिवसा बसचं तिकीट ६५ हाँगकाँग डॉलर. आम्ही गेलो तेव्हा डॉलर सव्वाअकरा-साडेअकरा रुपयांना होता. मकावचं स्वतःचं चलन पटाका, पण हाँगकाँग डॉलर दुकानात चालतो आणि कॅसिनोत तर तोच चालतो.

तारखांवर जरा घासाघीस झाली. शुक्रवार-शनिवारी हाँगकाँग आणि चीनमधून लोंढा येतो, भाव चढतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा चीनमध्ये सुट्टीचा, तेव्हा तर नावच काढू नका. नोव्हेंबरच्या मध्यावर मकाव ग्रां प्री असते. १९५४ पासून ही मोटारींची शर्यत शहराच्या रस्त्यांवरच होते, म्हणजे रस्ते बंद आणि हॉटेलं फुल्ल. म्हणून दिवाळीनंतर, ग्रां प्रीच्या आधी, मंगळवार ते शुक्रवार. “शनिवारी खरी मजा असते,” नवरदेव कुरकुरला. शनिवारी त्याच रूमचा जवळपास दुप्पट आकडा दाखवल्यावर मुकाट बसला.

आणि मग आला खरा कॉलम. राहायचं कुठं?

मकाव केवढं? जेमतेम तेहतीस-चौतीस चौरस किलोमीटर. आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तीन मकाव बसतील. उत्तरेला चीनच्या जमिनीला चिकटलेलं जुनं शहर. दक्षिणेला तैपा आणि कोलोआन, एकेकाळची दोन बेटं. मधला समुद्र बुजवून जी नवी जमीन तयार झाली ती कोताई. नावसुद्धा दोघांकडून अर्धं अर्धं उसनं घेतलेलं. तुम्ही फोटोंत बघता ते झगमगतं मकाव हे बहुतेक कोताईचं.

नवरदेवाचा जीव अर्थातच तिथं. २००७ साली उघडलेलं व्हेनिशियन, सुमारे ३००० स्वीट्स, वरच्या मजल्यावर कालवे, कालव्यात होड्या आणि छतावर रंगवलेलं आकाश, जिथं संध्याकाळ होतच नाही. शेजारी पॅरिसियन, दारात अर्ध्या उंचीचा आयफेल टॉवर. अलीकडे लंडनर, तिथं बिग बेन. पाहुण्यांना चार पावलांत युरोप! आणि मंगळवारच्या रात्रीचा रूमचा भाव? चौदा हजारांच्या आसपास. बाथरूम माझ्या पुण्यातल्या हॉलएवढी. एवढ्या तोलामोलाचं हॉटेल मुंबईत या पैशांत मिळणार नाही. “लॉटरी आहे ही!” नवरदेव म्हणाला. शब्द अगदी बरोबर निवडला होता त्यानं.

कारण मग मी गणित करत बसले. मकावमध्ये सगळ्यात जास्त चालतो तो बॅकरा. दोन बाजू, बँकर आणि प्लेअर, नऊच्या जवळ कोण जातं ते बघायचं. डोकं लावायची गरज शून्य. बँकरवर शंभर रुपये लावले तर घर सरासरी एक रुपया सहा पैसे ठेवून घेतं, प्लेअरवर एक रुपया चोवीस पैसे. (‘टाय’वर लावाल तर चौदा रुपयांच्या वर, तिकडे बघूसुद्धा नका.) शंभराला एक रुपया म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? मलाही वाटलं. पण एक डाव मिनिटभरात संपतो. समजा डावाला ३०० डॉलर, तासाला साठ डाव, असे चार तास. बहात्तर हजार डॉलर तुमच्या हातून टेबलावर फिरून गेले. त्यावर सरासरी सातशे ते नऊशे डॉलर घराचे, म्हणजे आठ-दहा हजार रुपये.

रूमचं उरलेलं भाडं ते हे! फक्त ते रिसेप्शनवर घेत नाहीत. शिवाय ही झाली सरासरी. माणूस सरासरीनं हरत नाही, माणूस त्या रात्री जेवढं हरायचं तेवढं हरतो.

म्हणून तर अशा हॉटेलांत तुम्ही इमारतीतच राहावं याची चोख व्यवस्था असते. जेवण आत, दुकानं आत, आकाशही आत. लिफ्टमधून उतरून कुठंही जायचं म्हटलं की वाट बहुतेक वेळा कॅसिनोच्या कडेकडेनं. मी शीटमध्ये एक नवा कॉलम टाकला. ‘रूम ते कॅसिनो (मिनिटं)’. कोताईतल्या सगळ्या हॉटेलांपुढं तीन, चार, दोन असे आकडे भरले. आणि मग तो कॉलम लपवून टाकला.

का लपवला, ते सांगते.

२०२३ च्या मे महिन्यात आईच्या मोबाइलवर एका अनोळखी माणसाचा फोन आला. तुमचा मुलगा पैसे बुडवून बसलाय, म्हणाला, आणि पुढे जे बोलला ते आईनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दादा रमीच्या ॲपवर खेळत होता. दीड वर्ष. आधी पगारातून, मग क्रेडिट कार्डावर, मग झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सवरून. सगळं मिळून तीन लाख ऐंशी हजार. बाबांनी एक एफडी मोडली. उरलेल्यासाठी आईच्या पाटल्या गोल्ड लोनच्या काउंटरवर गेल्या. दादानं दीड वर्ष शनिवार-रविवार जादा काम करून कर्ज फेडलं आणि २०२४ च्या दसऱ्याला पाटल्या घरी आल्या. आईनं त्या हातात घातल्या नाहीत, देवासमोर ठेवल्या. तेव्हापासून आमच्या घरात ‘रमी’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. मावशी-मामांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

आणि मकावच्या मेसेजवर दादानं अंगठा दाखवून टाकला होता!

आईचा मला फोन. “तो नाही म्हणाला तर सगळे विचारतील ना, का म्हणून.” मग थोडं थांबून, “तू आहेस ना बरोबर.” हे एवढं चार शब्दांचं वाक्य मी दोन महिने डोक्यावर घेऊन फिरत होते. म्हणून मी जुन्या शहरातलं गेस्ट हाऊस पुढं सरकवत होते. ‘ऑथेंटिक वाटेल’, ‘फोटो भारी येतील’, ‘रूमला पाच-सहा हजारच’ अशी कारणं शोधत होते. खरं कारण त्या लपवलेल्या कॉलममध्ये.

तर, दादा आयटीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लपवलेल्या चुका शोधण्याचाच त्याला पगार मिळतो. शीट मी शेअर केलेलीच होती.

त्यानं मला तलावपाळीला बोलावलं. ठाण्यातली माणसं गंभीर बोलायचं असलं की तलावपाळीलाच भेटतात, कारण तिथल्या कलकलाटात काहीही बोललं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. भेळ आली. तो म्हणाला, “तुझ्या शीटमध्ये एफनंतर एकदम एच कसा गं?”

मी गप्प.

“माझ्यासाठी आहे ना तो कॉलम?”

“आईला काळजी वाटते,” मी म्हटलं. आईच्या पदराआड लपायचं वय गेलं तरी सवय जात नाही.

“मी हरलो तो कुठल्या कॅसिनोत?” तो शांतपणे म्हणाला. “घरात. सोफ्यावर. आई शेजारी बसून मालिका बघत होती. तिथं किती मिनिटं लिहिशील?”

यावर काय बोलणार? मी भेळेतली कैरी शोधत राहिले. मग उगाच पत्रकारितेचा आधार घेतला. म्हटलं, मकावात २०१२ चा एक कायदा आहे, माणसाला आपणहून अर्ज करून स्वतःवरच कॅसिनोबंदी घालून घेता येते, जास्तीत जास्त दोन वर्षं. घरच्यांनाही असा अर्ज करता येतो. पण त्याला त्या माणसाची संमती लागते.

दादा हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच. “बघ! मकाव सरकारसुद्धा आधी विचारतं.”

“मग आता विचारते. कुठं राहायचं?”

“कॅसिनोच्या डोक्यावर झोपायचं नाहीये मला. पहिल्या दिवशी विचारलं असतंस तर पहिल्या दिवशी सांगितलं असतं.”

त्या रात्री त्यानं ग्रुपवर मेसेज टाकला. ‘मी २०२३ पर्यंत ऑनलाइन रमीत पावणेचार लाखांवर घालवलेत. ट्रिपला येतोय. कॅसिनो असलेल्या हॉटेलात राहणार नाही. ज्यांना राहायचंय त्यांनी खुशाल राहा.’ ग्रुपवर चाळीस मिनिटं सामसूम. एरवी गुड मॉर्निंगला सुद्धा नऊ उत्तरं येतात! शेवटी भावोजी. ‘जुनं शहर बेस्ट. तीन रूम. मी पैसे भरतोय, कुणी वाद घालू नये.’

नवरदेवानं नुसता अंगठा पाठवला.

गेस्ट हाऊस रुआ दा फेलिसिदादे या गल्लीत होतं. नावाचा अर्थ आनंदाचा रस्ता. एकेकाळी ही वेश्यावस्ती होती, आता दोन्ही बाजूंना लाल रंगाची दारं-खिडक्या आणि खाली बदामाची बिस्किटं भाजणारी दुकानं. रूम एवढी लहान की बॅग उघडायची तर एकानं पलंगावर चढायचं. लिफ्ट नाही. नवरदेव तिसऱ्या मजल्यावर बॅग चढवताना दर पायरीला व्हेनिशियनचं नाव घेत होता.

पण सकाळी बाहेर पडलो आणि गंमतच झाली. सेनादो चौकातली काळ्या-पांढऱ्या दगडांची लाटांची फरसबंदी, भिंतींवर निळ्या टाइल्सच्या पाट्या, वर चिनी अक्षरं आणि खाली पोर्तुगीज. “अगं, हे तर आपलं फाँतेनस!” मामेबहीण ओरडली. म्हणजे सात वर्षं रद्द होणारी गोव्याची ट्रिप शेवटी चीनमध्ये झाली म्हणायची. १९९९ च्या डिसेंबरपर्यंत इथं पोर्तुगीजांचं राज्य होतं. सेंट पॉल चर्चची नुसती दर्शनी भिंत उभी आहे, मागचं सगळं १८३५ च्या आगीत गेलं. आणि बारा टेकडीच्या उतारावर एक पिवळी-पांढरी कमानींची इमारत आहे, मूरिश बॅरॅक्स. १८७४ साली बांधली ती गोव्याहून आणलेल्या हिंदी शिपायांसाठी. मकावच्या पोलिसांना कुमक म्हणून आले होते ते. दादा त्या कमानींखाली बराच वेळ उभा होता. “काय करत असतील रे संध्याकाळी ते?” भावोजींनी विचारलं. “पत्ते खेळत असतील,” दादा म्हणाला. क्षणभर कुणालाच कळेना हसायचं की नाही. मग तोच हसला, तेव्हा सगळे सुटले.

दुपारी कोताईही बघून घेतलं. कॅसिनोंच्या मोफत बस असतात, तिथं राहत नसलात तरी चालतं. विन पॅलेसच्या तळ्यावरून जाणारी केबल कार फुकट, कारंजी फुकट. मकावात फुकट काय काय मिळतं याची यादी केली तर लक्षात येतं, ती प्रत्येक वाट शेवटी एकाच दारात नेऊन सोडते.

बुधवारी रात्री मंडळी लिस्बोआकडे निघाली. जुनं लिस्बोआ १९७० सालचं. स्टॅन्ली हो यांच्या कंपनीकडे १९६२ पासून २००२ पर्यंत मकावच्या जुगाराची मक्तेदारी होती, त्या काळातली ही निशाणी. नवं ग्रँड लिस्बोआ शेजारीच, सोनेरी, कमळासारखं वर उमललेलं. मक्तेदारी संपल्यावर अमेरिकन कंपन्या आल्या आणि २००६ सालीच इथली कमाई लास व्हेगासच्या स्ट्रिपच्या पुढं गेली.

“मी पण येतो,” दादा म्हणाला. माझ्या पोटात गोळा. पण तलावपाळी आठवली, तोंड बंद ठेवलं.

सिनेमात दाखवतात तसा कॅसिनो तो नव्हेच. संगीत नाही, जल्लोष नाही. घड्याळ नाही, खिडकी नाही. गालिच्यात पाऊल बुडतं. माणसं चहा पितात आणि एक अक्षर न बोलता पत्त्याचा कोपरा हळूहळू दुमडून बघतात, जणू जोर लावला तर आकडा बदलेल. प्रत्येक टेबलाशी एक स्क्रीन, त्यावर आधीच्या डावांचे लाल-निळे गोळे. काही जण ते कागदावर उतरवून घेत होते, आमच्या शाळेतल्या फळ्यावरच्या गणितांसारखे, मन लावून. दादा खिशात हात घालून वीस मिनिटं उभा होता. मग माझ्या कानाशी आला. “ते गोळे बघतेस? ॲपवर पण असेच होते. पाच लाल झाले की वाटतं आता निळा येणारच.” आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मी बाहेर थांबतो.”

आम्ही दोघी त्याच्याबरोबर बाहेर पडलो, कोपऱ्यावर नूडल्स खाल्ल्या आणि साडेदहाला रूमवर निघालो. “तुम्ही जा,” दादा म्हणाला. “मी थांबतो याच्यासाठी.” मी मागं वळून पाहिलं. तो फुटपाथवर उभा, मागं ते सोनेरी कमळ. आत जायला त्याला अर्धं मिनिट लागलं असतं.

खोटं कशाला बोलू, मी झोपले नाही. बाराला भावोजी एकटेच आले. सहाशे डॉलर हरले होते, तरी चेहरा लाडू खाल्ल्यासारखा. “दादा कुठाय?” “बाहेरच होता मघाशी.” मघाशी म्हणजे कधी, हा प्रश्न मी गिळला. साडेबारा. एक. मी दोनदा मोबाइल उचलला आणि दोनदा खाली ठेवला. एक चाळीसला जिन्यावर पावलं वाजली, दोघांची.

काय झालं ते दुसऱ्या दिवशी तुकड्या-तुकड्यांत कळलं. नवरदेवानं स्वतःला हजार डॉलरची मर्यादा घातली होती. ते अकराच्या आत गेले. मग एटीएम. मग पुन्हा एटीएम. सगळे मिळून साडेचार हजार डॉलर, आपले पन्नास हजारांच्या वर. कार्डाची रोजची लिमिट संपली. दुसरं कार्ड रूमवर बॅगेत होतं. तेच घ्यायला तो बाहेर पडला. व्हेनिशियनमध्ये असतो तर लिफ्टनं वर, लिफ्टनं खाली, चार मिनिटं. इथं पंधरा मिनिटं चालायचं. म्हणजे तसा पाच-सात मिनिटांवर बंदराशी तेव्हा आणखी एक कॅसिनो होताच, पण याला पैसे जिथं गेले तिथूनच परत हवे होते.

दादा बाहेर होता. तो काही बोलला नाही, नुसता बरोबर चालायला लागला. मोठ्या रस्त्यावरची दुकानं बंद झालेली, फक्त प्यादुकानं उघडी, म्हणजे गहाण घेणारी. लिस्बोआच्या आसपास ती ओळीनं आहेत, काचेत घड्याळं आणि सोनं मांडलेलं. एका काचेपाशी दादा थांबला आणि म्हणाला, “या बांगड्या बघ. आईच्या पाटल्या अशाच एका ट्रेमध्ये ठेवल्या होत्या त्यांनी. वर नंबराची चिठ्ठी.” एवढंच. नवरदेव आधी चिडला, म्हणाला तुझं वेगळं होतं, मला फक्त गेलेले परत आणायचेत. दादा म्हणाला, “हो, मला पण फक्त तेवढेच परत आणायचे होते.” गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत नवरदेवाचे पाय जड झाले. मग दोघं खाली पायऱ्यांवर बसले, बिस्किटांच्या बंद दुकानापुढं. तिथंच तो अर्धा तास गेला, जो मी वर खिडकीमागे मोजत होते. खाली वाकून बघितलं असतं तर दिसले असते.

सकाळी आम्ही बसनं कोलोआनला गेलो. एग टार्ट खायला. १९८९ साली एका इंग्रज माणसानं तिथं बेकरी काढली आणि मकावचा हा पदार्थ जगभर गेला. वरचा पापुद्रा कुरकुरीत, आत गरम कस्टर्ड, वर जळके काळे ठिपके. गुरुवार होता, तेव्हा अंडं चालतं की नाही यावर मामेबहिणीनं थोडा विचार केला आणि चालतं असा निर्णय दिला. कोलोआनच्या जुन्या गावात एकही कॅसिनो नाही. समोर अरुंद पाणी, पलीकडे चीन. शीटमध्ये ही जागा का नव्हती, असं दादानं विचारलं.

नवरदेवाच्या हातात टार्ट तसाच. डोळे सुजलेले. “ऐका ना,” तो म्हणाला, “तिला यातलं काही सांगायचं नाही हं. हनिमूनच्या बुकिंगचे होते ते. मी करतो ॲडजस्ट. कुणी बोलू नका.”

मी भावोजींकडे बघितलं, भावोजींनी समुद्राकडे.

“मी नाही सांगणार,” दादा म्हणाला. “तू सांग.”

“आत्ता?”

“तिकडे साडेसात वाजलेत. उठली असेल.”

नवरदेव बराच वेळ मोबाइल हातात फिरवत बसला. मग उठला, पाण्याच्या कडेला गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचा टार्ट गार होत होता. दादानं दोन मिनिटं वाट बघितली आणि खाऊन टाकला.